छप्पर आणि भार : प्राचीन वास्तुविद्येची वाटचाल



‘घर पाहावे बांधून’ अशी आपल्याकडे म्हण आहे. तिच्या जोडीला लग्नाचाही उल्लेख येतो, आणि या दोन्ही गोष्टी अंगावर घेतल्यावाचून त्यांतला खर्च व ताप कळत नाही, एवढाच तिचा अर्थ आपण सामान्यतः घेतो. मला त्या म्हणीतला ‘पाहावे’ हा शब्द अधिक महत्त्वाचा वाटतो. घर बांधून पाहावे लागते; नुसत्या विचाराने ते उभे राहत नाही. मनुष्यजातीने हे बांधून पाहण्याचे काम हजारो वर्षे चालविले आहे. कधी बांधलेले टिकले, कधी कोसळले, आणि जे कोसळले त्यापासूनही शहाण्या कारागिरांनी धडा घेतला. या दीर्घ उद्योगाचा इतिहास म्हणजेच वास्तुविद्येचा इतिहास होय.

विषय अफाट आहे आणि वेळ थोडा आहे. राजांची नावे, शैलींची नावे आणि इमारतींची मापे यांची यादी वाचून दाखविली तर आपण घरी जाईपर्यंत त्यांतले काही स्मरणात राहणार नाही. म्हणून मी एकच सूत्र हाती धरतो. रानातली खोप असो की सम्राटाचे मंदिर असो, प्रत्येक इमारतीला एक प्रश्न सोडवावाच लागतो : डोक्यावरच्या छपराचा भार जमिनीपर्यंत सुखरूप कसा न्यायचा? आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो : तो भार जमिनीपर्यंत नीट पोहोचला नाही, तर त्याचा जाब कोणी द्यायचा? पहिला प्रश्न कारागिराचा आहे, दुसरा समाजाचा आहे. शीळफाट्याच्या परिसरात हे दोन्ही प्रश्न केवळ ग्रंथांतले राहिलेले नाहीत. ते का, हे मी शेवटी सांगणार आहे. आपणांपैकी पुष्कळांना ते न सांगताही ठाऊक आहे.

कपारीपासून कुडापर्यंत

माणसाचे पहिले घर त्याने बांधलेले नव्हते; ते त्याला सापडले होते. भोपाळच्या दक्षिणेस भीमबेटका येथे खडकांच्या पुढे आलेल्या कपारी आहेत. त्यांच्या आडोशाला अश्मयुगीन माणूस पिढ्यान्‌पिढ्या राहिला, आणि त्याने भिंतींवर आपल्या शिकारीची व नाचांची चित्रे काढली. विष्णु श्रीधर वाकणकर यांनी १९५७ साली हे स्थळ उजेडात आणले. २००३ साली त्याला जागतिक वारसास्थळाचा मान मिळाला. तेथे छपराचा भार निसर्गानेच पेललेला होता. माणसाला फक्त आत शिरायचे होते.

परंतु कपार जागची हलत नाही, आणि शिकार तर हिंडती असते. जेथे कपार नाही तेथे निवारा करावा लागला, आणि तो हाताशी असेल त्या वस्तूचा करावा लागला. युक्रेनमध्ये मेझिरिच येथे १९६५ साली सुमारे १५,००० वर्षांपूर्वीच्या झोपड्यांचे अवशेष मिळाले. झाडे विरळ, थंडी कडाक्याची. म्हणून त्या लोकांनी मॅमथ नावाच्या केसाळ हत्तीची हाडे रचली. खाली जबड्यांची हाडे एकमेकांत अडकवून बैठक केली आणि तिच्यावर निवारा उभा केला. वजनदार वस्तू खाली आणि हलकी वर, हा नियम त्यांना कोणत्याही पाठशाळेत न जाता समजला होता.

याच प्रश्नाचे आपल्या भूमीतले उत्तर पाहावयाचे असेल तर पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात घोडनदीच्या काठी इनामगावला गेले पाहिजे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ पर्यंत तेथे उत्खनन केले. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. झै. दा. अन्सारी या विद्वानांच्या कामामुळे इ. स. पूर्व १६०० ते ७०० या काळातले एक शेतकरी गाव आपल्यासमोर उलगडले. शंभराहून अधिक घरांचे अवशेष तेथे मिळाले.

तीन हजार वर्षांपूर्वीचे मातीचे घर सापडते तरी कसे, असे आपण विचाराल. खांब कुजून जातो, पण त्याचा खड्डा राहतो. खड्ड्यात भरलेली माती भोवतालच्या मातीहून रंगाने आणि पोताने निराळी असते. असे खड्डे ओळीने सापडले की भिंतीची रेषा कळते, चोपलेली जमीन सापडली की खोलीचा आकार कळतो, आणि चूल सापडली की तेथे संसार होता हे कळते. इनामगावच्या आरंभीच्या काळात घरे आयताकृती व ऐसपैस होती. खांबांच्या मधून कूड, त्यावर मातीचा लेप, वर गवताने शाकारलेले छप्पर. कारवीच्या काठ्यांचा कूड करून तो शेणामातीने सारविण्याची ठाणे व पालघर जिल्ह्यांतील वारली घरांची रीत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही रचना परकी वाटणार नाही. घरे ओळीने, मध्ये बोळ. एक पाच खोल्यांचे घर, बहुधा गावच्या प्रमुखाचे, आणि त्याच्या शेजारी धान्याचे कोठार. पुराचे पाणी अडविण्यासाठी बांध आणि पाण्याचा पाटही तेथे आढळला.

पुढे, इ. स. पूर्व १००० नंतर, चित्र पालटते. मोठी आयताकृती घरे जाऊन लहान, गोल झोपड्या येतात. डॉ. ढवळीकरांच्या मते पाऊस कमी झाला, शेती खालावली, आणि लोक पुन्हा शिकारीवर व गुराढोरांवर अधिक विसंबू लागले. वास्तुविद्या एकदा पुढे गेली की पुढेच जात राहते, असे मानणाऱ्याने इनामगावच्या या गोल झोपड्या ध्यानात ठेवाव्यात. घराची उंची शेवटी अन्नावर आणि पाण्यावर उभी असते.

विटेचे माप

लाकूड आणि कूड यांचे एक दुबळेपण आहे. ते कुजते, जळते, वाळवी खाते. जेथे नदीची माती भरपूर आणि झाडे थोडी, तेथे माणूस मातीकडे वळला. बलुचिस्तानातील मेहरगढ येथे इ. स. पूर्व ७००० च्या सुमारास कच्च्या विटांची, अनेक खोल्यांची घरे होती. तुर्कस्तानातील चातालह्योयुक या तशाच जुन्या वस्तीत घरे एकमेकांना इतकी चिकटलेली होती की मध्ये बोळच नव्हते. लोक गच्चीवरून चालत आणि शिडीने घरात उतरत.

दगड जसा मिळेल तसा घ्यावा लागतो. विटेचे माप मात्र माणूस स्वतः ठरवितो. या मापाचे महत्त्व ज्यांनी पुरते ओळखले ते सिंधू संस्कृतीचे लोक. हडप्पा, मोहेंजोदडो, कालीबंगन, लोथल या शेकडो कोसांच्या अंतरावरच्या गावी विटेची उंची, रुंदी आणि लांबी यांचे प्रमाण १ : २ : ४ असे आढळते. लहान-मोठी वीट असेल, पण प्रमाण तेच. दोन विटांची रुंदी म्हणजे एका विटेची लांबी. त्यामुळे एक थर आडवा आणि एक उभा लावला तरी भिंत सरळ राहते, आणि सांध्यावर सांधा येत नाही. सांध्यावर सांधा आला की भिंतीला वरपासून खालपर्यंत चीर पडण्याची वाट मिळते, हे आपला कोणताही गवंडी सांगेल. तेच ज्ञान साडेचार हजार वर्षांपूर्वी तेथे नियम होऊन बसले होते.

मोहेंजोदडोचे महास्नानगृह सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि २.४ मीटर खोल आहे. विटा काटेकोर बसवून आणि डांबराचा थर देऊन ते जलरोधक केलेले होते. त्याचे पाणी ज्या मोठ्या गटारातून जाई, त्या गटारावरचे छत पाहण्यासारखे आहे. दोन्ही बाजूंच्या भिंतींतील विटा थरागणिक थोड्या थोड्या पुढे सारीत नेल्या, आणि शेवटी त्या वर एकमेकींना भेटल्या. याला वास्तुशास्त्रात कदलिकाकरण म्हणतात. ही खरी कमान नव्हे. खऱ्या कमानीत दगड एकमेकांना रेटून धरतात. येथे प्रत्येक वीट मागच्या वजनाने दाबून धरलेली असते. फार मोठे अंतर अशा रीतीने झाकता येत नाही. परंतु ही युक्ती आपल्या देशात फार दीर्घकाळ टिकली, आणि तिचे एक उत्तम फळ आपल्या शेजारीच आहे. त्याकडे मी पुढे येतो.

इराकमधील उर येथे राजा उर-नम्मू याने इ. स. पूर्व एकविसाव्या शतकात विटांचा प्रचंड चौथरा बांधला. त्याचा तळ सुमारे ६४ मीटर लांब आणि ४५ मीटर रुंद आहे. आत कच्च्या विटा, बाहेरून डांबरात बसविलेल्या पक्क्या विटांचे कवच. अशी भरीव माती आतल्या ओलाव्याने फुगते आणि फुटते. म्हणून बांधणाऱ्यांनी थराथरात बोरूच्या चटया घातल्या आणि ओल बाहेर पडण्यासाठी कवचाला भोके ठेवली. त्या भोकांमुळेच भिंत इतकी वर्षे तगली.

दगडाला लाकडाची आठवण

आता दगडाकडे वळू. इजिप्तमध्ये सक्कारा येथे जोसर राजाचा पायऱ्यापायऱ्यांचा पिरॅमिड आहे, काळ इ. स. पूर्व २६५० च्या आसपास, उंची सुमारे ६० मीटर. त्याचा रचनाकार म्हणून इमहोटेप याचे नाव परंपरेने सांगितले जाते. त्या पिरॅमिडच्या आवारात एक गमतीची गोष्ट आहे. दगडी खांब बोरूच्या जुड्या बांधाव्यात तसे कोरलेले आहेत, आणि कधीही न मिटणारी दगडी दारे लाकडी दारांसारखी घडविली आहेत. हात दगडावर चालत होता, पण मनात घर होते ते बोरूचे आणि लाकडाचेच.

दगडाने इजिप्शियन लोकांना एक कठोर धडाही दिला. स्नेफ्रू राजाने दहशूर येथे मोठा पिरॅमिड आरंभिला. त्याच्या बाजू सुमारे ५४ अंशांच्या चढाने निघाल्या. परंतु निम्म्याच्या आसपास गेल्यावर तो चढ एकदम ४३ अंशांवर आणलेला दिसतो. त्यामुळे तो पिरॅमिड पाठीत वाकल्यासारखा आहे. आतल्या दालनांत भेगा पडल्या होत्या, आणि एका दालनात आधारासाठी ठोकलेल्या देवदाराच्या तुळया आजही आहेत. त्याच राजाने पुढचा पिरॅमिड पहिल्यापासूनच ४३ अंशांच्या चढाने बांधला. त्याच्या मुलाच्या, खुफूच्या, काळी गिझाचा १४६ मीटर उंचीचा पिरॅमिड उभा राहिला, तो या अनुभवाच्या खांद्यावर. वाकलेला पिरॅमिड ही त्या राजाची फजिती नव्हे. भेग दिसली तेव्हा तिच्यावर गिलावा न करता आराखडा बदलला, हे त्याच्या कारागिरांचे मोठेपण आहे.

ग्रीकांनी देवळे आधी लाकडाची बांधली, मग दगडाची. अथेन्सचे पार्थेनॉन इ. स. पूर्व ४४७ ते ४३२ या काळातले. त्याच्या खांबांवरील पट्टीत ठराविक अंतरावर उभ्या खाचांचे ठोकळे दिसतात. रोमन लेखक विट्रूव्हियस याने त्यांचा संबंध लाकडी तुळयांच्या टोकांशी जोडला आहे. पण दगड लाकडासारखा वाकत नाही. तुळईवर भार आला की तिची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. दगड दाब पुष्कळ सोसतो, ताण मात्र फार थोडा. म्हणून दगडी तुळई आखूड ठेवावी लागते आणि खांब जवळजवळ येतात. पार्थेनॉनची ती खांबांची दाट रांग सौंदर्यासाठी जेवढी आहे, तेवढीच दगडाच्या या स्वभावासाठी आहे.

सह्याद्रीतील सुतार

आपल्या महाराष्ट्रात हाच प्रवास अगदी वेगळ्या रीतीने घडला. बिहारमध्ये बराबरच्या टेकड्यांत अशोकाच्या काळी, इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात, खडक पोखरून लेणी झाली. तेथील लोमश ऋषी लेण्याचे दार हुबेहूब लाकडी झोपडीच्या दर्शनी भागासारखे आहे. पण ही कल्पना जितकी सह्याद्रीत फळली तितकी ती दुसरीकडे कोठेही फळली नाही. आपला काळा कातळ एकसंध आणि भक्कम, आणि त्याला लोखंडाची छिन्नी भेटली.

लेणे खोदणे हे बांधण्याच्या नेमके उलटे आहे. बांधणारा पायापासून वर जातो. खोदणारा छतापासून खाली येतो. प्रथम वरची पोकळी काढायची, छताची कड नीट करायची, मग खाली खाली उतरत खांब मोकळे करायचे. अर्धवट सोडलेल्या लेण्यांवरून हा क्रम स्पष्ट कळतो. अशाने पाडाची गरज थोडी लागते; पण एकदा चुकून उडालेला कपचा परत बसत नाही.

लोणावळ्याजवळच्या भाजे येथील चैत्यगृह इ. स. पूर्व दुसऱ्या शतकाच्या सुमाराचे मानतात. त्याचे खांब सरळ उभे नाहीत. ते आत झुकलेले आहेत. हे का? लाकडी मंडपाच्या वाकविलेल्या वाशांचा रेटा बाहेरच्या बाजूस जातो. तो पेलण्यासाठी सुतार खांब आत कलते रोवतो. खडकात कोरलेल्या छताला असा रेटा मुळीच नाही. तेथे खांब नसते तरी बहुधा चालले असते. तरीही खोदणाऱ्यांनी ते कलते ठेवले, आणि वर छताला खऱ्या लाकडाच्या फासळ्या बसविल्या. त्या लाकडावर ब्राह्मी अक्षरेही सापडली आहेत. कार्ले येथील चैत्यगृह सुमारे १२४ फूट लांब आणि ४५ फूट रुंद. तेथील सागवानी फासळ्या जवळजवळ दोन हजार वर्षांनंतरही छताला आहेत. भार कातळाचा, आणि आठवण सागाची!

आणि हे करणारे कोण होते? राजे आणि श्रेष्ठी होतेच. पण कार्ल्याच्या दाराचे काम धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराने केल्याचे तेथील शिलालेख सांगतो. दगडाच्या लेण्यावर सुताराचे नाव, यापेक्षा या कथेचा अधिक स्पष्ट पुरावा काय हवा? कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यात कण्हाचा शिष्य बलक याने ‘हे केले’ असे कोरलेले आहे. आपल्या कामाखाली नाव घालण्याची हिंमत त्याला होती.

या कथेत आपल्या कल्याणचा वाटा लहान नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याणचा उल्लेख बाजारपेठ म्हणून येतो. कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणचे दाते पुन्हापुन्हा भेटतात. सामिदत्त नावाच्या कल्याणच्या सोनाराने तेथे पाण्याची पोढी दिली. नंद नावाच्या कल्याणच्या लोहाराने डोंगरातली वाट दिली. लेण्याच्या इतिहासात लोहाराने वाट द्यावी हे किती यथायोग्य आहे! रोज बोथट होणाऱ्या छिन्न्या कोणीतरी पाजवल्या, म्हणून तर लेणी झाली. जवळच भिवंडी तालुक्यातील लोनाड येथेही लेणे आहे, आणि नालासोपाऱ्याचा विटांचा स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली उघडला, तेव्हा त्यातून प्राचीन करंडक आणि भिक्षापात्राचे तुकडे बाहेर आले.

मघाशी मी कदलिकाकरणाच्या एका फळाचा उल्लेख केला होता. ते फळ म्हणजे अंबरनाथचे शिवमंदिर. त्याचा शिलालेख शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा, शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळचा. प्राचीन काळाची मर्यादा येथे ओलांडली जाते, पण विद्या तीच प्राचीन आहे. घडीव दगड चुन्यावाचून एकमेकांवर बसविले, आणि मंडपाचे छत थरागणिक दगड पुढे सारीत मिटविले. मोहेंजोदडोच्या गटारावरची युक्ती येथे देवाच्या डोक्यावर आली. साडेनऊशेहून अधिक पावसाळे त्या छताने घेतले आहेत.

कमान आणि तिचा रेटा

रोमन लोकांनी कमान शोधून काढली असे नाही. इराकमध्ये ती त्यांच्या पुष्कळ आधी होती. रोमनांनी तिला राज्यभर कामाला लावले. कमानीत दगड पाचरीसारखे घडवितात. माथ्यावरचा दगड बसला की प्रत्येक दगड शेजाऱ्याला दाबतो, आणि ताण कोठेच राहत नाही. म्हणून दगडाचा दुबळेपणा झाकला जातो आणि मोठे अंतर ओलांडता येते. पण कमान बाहेर रेटा देते. तो पेलायला बाजूस भक्कम भिंत लागते.

ज्वालामुखीची राख चुन्यात कालवून रोमनांनी काँक्रीटही केले. रोमचे पँथिऑन इ. स. १२५ च्या सुमारास पुरे झाले. त्याच्या घुमटाचा व्यास ४३.३ मीटर आहे, आणि त्यात लोखंडाची एकही सळई नाही. खाली भिंती सुमारे ६ मीटर जाड. काँक्रीटमधली खडी तळाला जड आणि वर चढत जाताना हलकी. माथ्याजवळ तर सच्छिद्र, पाण्यावर तरंगणारा दगड घातला आहे. अगदी माथ्यावर गोल उघडा झरोका, म्हणजे जेथे वजन नको तेथे ते मुळी ठेवलेच नाही. मेझिरिचच्या शिकाऱ्याने जड हाड खाली ठेवले होते. पँथिऑनच्या रचनाकाराने तेच तत्त्व पूर्णत्वाला नेले.

जाब कोणी द्यायचा?

येथवर आपण कारागिराच्या प्रश्नाची उत्तरे पाहिली. आता समाजाच्या प्रश्नाकडे येऊ.

बाबिलोनचा राजा हम्मुराबी याने इ. स. पूर्व १७५० च्या सुमारास आपले कायदे काळ्या दगडी स्तंभावर कोरविले. त्यांत गवंड्यासंबंधी कलमे आहेत. घर कच्चे बांधल्यामुळे पडून मालक मेला, तर बांधणाऱ्यास देहान्त शासन. मालकाचा मुलगा मेला, तर बांधणाऱ्याच्या मुलास मरण. दुसरे कलम आपल्या न्यायबुद्धीला रानटी वाटेल, आणि ते आहेच. पण त्याच कायद्यात असेही आहे की नुकसान झाल्यास ते बांधणाऱ्याने भरून द्यावे, पडलेले घर आपल्या खर्चाने पुन्हा बांधावे, आणि भिंत कलू लागली तर स्वतःच्या पैशाने ती पक्की करून द्यावी. शिक्षा क्रूर असली, तरी भार पेलण्याची जबाबदारी कोणाची, याबद्दल राजाच्या मनात संदेह नव्हता. आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात घराच्या सीमा, सांडपाण्याचे चर, शेजाऱ्याच्या भिंतीपासून राखायचे अंतर यांचे नियम आहेत, आणि ते मोडणाऱ्यास दंड आहे. घर खाजगी असले तरी ते उभे राहते चार माणसांच्या मध्ये, ही जाणीव त्यामागे आहे.

सर्वांत बोलका प्रसंग मात्र रोमचा आहे. इ. स. २७ साली रोमजवळच्या फिडेनी गावी अटिलियस नावाच्या एका माणसाने लाकडी प्रेक्षागृह उभारले. सम्राट टायबेरियसच्या काळी ग्लॅडिएटरांच्या झुंजींचे खेळ दुर्मिळ झाले होते, म्हणून लोकांची झुंबड उडाली. इतिहासकार टॅसिटस लिहितो की त्या माणसाने पाया घट्ट जमिनीत घातला नव्हता आणि वरचा लाकडी सांगाडाही नीट जखडला नव्हता. हलक्या पैशाच्या लोभाने त्याने तो धंदा केला होता. खचाखच भरलेले प्रेक्षागृह कोसळले. मेलेले आणि जायबंदी झालेले मिळून पन्नास हजार माणसे, असा आकडा टॅसिटस देतो. सुएटोनियस मृतांचा आकडा वीस हजार सांगतो. प्राचीन आकडे आपण सावधपणे घ्यावेत, परंतु आकान्त मोठा होता यात शंका नाही. रोममधल्या धनिकांनी जखमींसाठी आपली घरे उघडली, औषधे आणि वैद्य दिले. आणि रोमच्या सेनेटने ठराव केला : चार लाख सेस्टर्स नाण्यांहून कमी मालमत्ता असणाऱ्याने असे खेळ भरवू नयेत, आणि जमीन पक्की असल्याचे तपासून पाहिल्याखेरीज प्रेक्षागृह बांधू नये. अटिलियसला हद्दपार केले गेले.

श्रोतेहो, या गोष्टीला जवळजवळ दोन हजार वर्षे झाली. आणि ४ एप्रिल २०१३ रोजी आपल्या शीळफाट्याजवळ बांधकाम चालू असलेली बहुमजली इमारत कोसळली. ७४ माणसे गेली. त्यांत स्त्रिया आणि लहान मुले पुष्कळ होती. इमारतीला परवानगी नव्हती. वर मजले चढत होते आणि खाली कुटुंबे राहायला आली होती. त्याच बांधकामावर राबणाऱ्या मजुरांचीही कुटुंबे त्यांत होती. घर बांधणाऱ्याचेच लेकरू त्या घराखाली सापडावे, याहून दारुण काय असेल? हम्मुराबीच्या कायद्याने जी क्रूर शिक्षा दोषी बांधणाऱ्याच्या मुलाला फर्माविली होती, ती येथे कोणताही दोष नसलेल्या मजुराच्या मुलाला मिळाली.

ही दुर्घटना ज्ञानाच्या अभावी घडली असे कोणी म्हणू नये. सांध्यावर सांधा नसावा हे सिंधूच्या काठी ठाऊक होते. भेग दिसली तर आराखडा बदलावा हे नाईलच्या काठी ठाऊक होते. जमीन तपासावी हे रोमला एका आकान्तानंतर समजले. आपल्या काळी तर सळई किती, सिमेंट किती, काँक्रीट किती दिवस भिजवावे, याची गणिते पुस्तकांत छापलेली आहेत. कमी पडले ते त्या ज्ञानाचा जाब मागणारे कोणी. ज्याला शहरात काम हवे आहे आणि खिशात थोडेच पैसे आहेत, तो माणूस स्वस्त खोली घेणारच. त्याला दोष देऊन आपण सुटू शकत नाही. इनामगावच्या माणसाने दुष्काळात गोल झोपडीचा आसरा घेतला, तसाच हाही आसरा घेतो. फरक इतकाच की इनामगावची झोपडी पडली असती तर अंगावर गवत आणि माती पडली असती. येथे सात मजल्यांचे काँक्रीट असते.

शीळफाट्यावरून आज एक रस्ता कल्याणकडे जातो, एक मुंब्र्याकडे, एक पनवेलकडे आणि एक महाप्याकडे. या चारही रस्त्यांच्या कडेने घरे उठत आहेत, आणि ती उठलीच पाहिजेत, कारण माणसांना राहायला जागा हवी. त्यांतले घर घेताना आपण दाराचा रंग पाहतो, फरशी पाहतो, खिडकीतला वारा पाहतो. त्याच्या आधी तीन गोष्टी विचारण्याची सवय या सभेतल्या प्रत्येकाने लावून घ्यावी, एवढीच माझी विनंती आहे. पाया कोणत्या जमिनीवर आहे? भाराचे गणित कोणी केले? आणि त्या गणिताखाली सही कोणाची आहे? ज्याला हे विचारण्याचे बळ नाही, त्याच्या वतीने नगरसंस्थेला ते आपण विचारावे. कोंडाण्याच्या बलकाने दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या कामाखाली नाव कोरून ठेवले. आपल्या घरांच्या कागदांवरही असे एक नाव असलेच पाहिजे, आणि ते वाचता आले पाहिजे.